पोटाराइट, पारा आणि एका निवृत्त मास्तरांची शंका

गेल्या आठवड्यातल्या पोटाराइटवरच्या लेखाखाली एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ते रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक आहेत. लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पोटाराइट हे एक खनिज: पॅलेडियम (प्लॅटिनमसारखा पांढरा, मौल्यवान धातू) आणि पारा, अणूस अणू. तो पहिल्यांदा सापडला गयानातल्या पोटारो नदीच्या गाळात. त्या भागातले सोनं धुणारे लोक पारा वापरतात हे जगजाहीर आहे. मग नदीतल्या पॅलेडियमच्या दाण्याला सांडलेला पारा चिकटला आणि तुम्ही त्याला 'दुर्मिळ खनिज' म्हणून मखरात बसवलंत, असा त्यांचा आक्षेप. शेवटी दोन टोमणे आहेत: एक घनतेच्या आकड्यावर आणि दुसरा 'याचा सामान्य माणसाला उपयोग काय' हा.

सर, पहिला आक्षेप वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. चिडून नव्हे, तर हा प्रश्न मी लेखात स्वतःच उपस्थित करायला हवा होता म्हणून. माणसाच्या हातून तयार झालेल्या पदार्थाला खनिज म्हणायचं नाही, हा खनिजशास्त्रातला साधा दंडक आहे. त्यामुळे तुमचं म्हणणं खरं ठरलं, तर पोटाराइटचं नाव यादीतून खोडावं लागेल.

आधी तुमच्या बाजूने बोलतो. आमच्या घरी एकदा थर्मामीटर फुटला. आईने ओट्यावरचे पाऱ्याचे मणी बोटाने गोळा केले (आता कुणी असं करू नये, पण तेव्हा कुणाला काय माहीत!) आणि संध्याकाळपर्यंत बोटातली सोन्याची अंगठी अर्धी पांढरी पडली. सोनाराकडे नेली. त्याने आधी टोकदार सळीने आतल्या बाजूला बारीकसा ओरखडा काढून पाहिला. पांढऱ्याखाली पिवळंधमक सोनं दिसलं. मग 'पारा वरवर बसलाय' म्हणत अंगठी तापवून त्याने पारा उडवला. पॅलेडियमचंही पाऱ्याशी असंच सख्य आहे. तेव्हा नदीतल्या दाण्याबद्दल तुमच्या मनात आली ती शंका रास्तच आहे. आणि दोन्ही धातूंचं प्रमाण नेमकं एकास एक आहे, एवढ्यावरून खनिज नैसर्गिक ठरत नाही हेही कबूल. तेच संयुग प्रयोगशाळेतही बनतं. वजनाने त्यात सुमारे ६५ टक्के पारा आणि ३५ टक्के पॅलेडियम, मग बनवणारा कुणी का असेना.

पण त्या सोनाराने काढलेला ओरखडाच तुमच्या शंकेचं उत्तर आहे. पारा आहे की नाही हे विचारून भागत नाही. तो दाण्यात कुठे आहे ते पाहावं लागतं.

ब्राझीलमधल्या मिनास जेराइस प्रांतात, सेरो गावाच्या परिसरात, बोम सुसेसो नावाचा ओढा आहे. तिथल्या गाळात द्राक्षाच्या घडासारखे गोळीगोळीचे प्लॅटिनम-पॅलेडियमचे दाणे मिळतात. ते कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. पोटाराइट आतल्या भागात, आणि त्याच्यावर पॅलेडियम-प्लॅटिनमचे थर, बाहेरची साल प्लॅटिनमची. म्हणजे आमच्या अंगठीच्या बरोबर उलट. धुणाऱ्याच्या हातून सांडलेला पारा बाहेरून चिकटेल. बंद सालीच्या पोटात शिरून, वरच्या थरांना धक्का न लावता, आत एकास एक प्रमाणात तो कसा बसेल? आधी पोटाराइट आणि मग त्याच्यावर एकेक थर, हाच क्रम पटतो.

दुसरा साक्षीदार त्याहून भक्कम. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांमध्ये अन्स्ट नावाचं बेट आहे. तिथे क्लिफ या ठिकाणच्या क्रोमाइटच्या (क्रोमियमच्या एका खनिजाच्या) खडकात पोटाराइट सापडला आहे, तोही इतर पॅलेडियम-प्लॅटिनम खनिजांच्या शेजारी, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपात. तो नदीचा गाळ नव्हे, अखंड खडक आहे. तिथे कुणी पाटी घेऊन सोनं धुवायला बसलं नव्हतं.

पोटारोच्या नुसत्या गाळावरून मात्र हा निकाल लावता आला नसता, हे तुमचं निरीक्षण मान्य. ते दाणे तिथे हिऱ्यांसाठी गाळ धुताना मिळाले, जवळच २२६ मीटर उंचीवरून एका उडीत कोसळणारा कैएतूर धबधबा आहे. ब्रिटिश गयानातले शास्त्रज्ञ सर जॉन हॅरिसन यांनी ते ओळखले, पण १९२६ साली ते वारले. पुढे १९२८ मध्ये खनिजशास्त्रज्ञ एल. जे. स्पेन्सर यांनी खनिजाचं रीतसर वर्णन प्रसिद्ध केलं. खनिजाचं नाव नदीवरूनच आलं आहे. गयानात असे एकटेदुकटे गाळ धुणारे 'पोर्क-नॉकर' म्हणून ओळखले जातात. आपल्याकडे सोनाराच्या दुकानाबाहेरची धूळ आणि गटाराचा गाळ धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी असतात, त्यांचेच हे दूरचे भाऊबंद म्हणा. जड ते तळाशी राहतं आणि हलकं वाहून जातं, एवढ्याच विद्येवर दोघांचं पोट. पोटाराइट तर असल्या गाळातल्या वाळूपेक्षा पाच-सहापट जड, तो पाटीच्या तळाशी राहणारच.

मग निसर्गात पारा आणि पॅलेडियमची गाठ पडते कुठे? पॅलेडियम हा प्लॅटिनमच्या घराण्यातला असला तरी त्याच्याइतका घट्ट बसून राहणारा नाही. खारट, ऑक्सिजनयुक्त गरम पाण्यात तो प्लॅटिनमपेक्षा सहज विरघळून फिरतो. पारा तर भटक्याच. तुलनेने कमी तापमानाच्या पाण्यात दोघे एकत्र आले की हे खनिज बसतं. जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाच्या, म्हणजे मॅग्माच्या, तापमानाला ते टिकणार नाही, कारण तापवलं की त्यातला पारा निघून जातो आणि मागे पॅलेडियम उरतं. पुन्हा तोच सोनार आणि तीच अंगठी!

तुम्ही रसायनशास्त्राचे, म्हणून एक गंमत सांगतो, कदाचित तुम्हाला ठाऊकही असेल. इंग्रज रसायनज्ञ विल्यम वोलॅस्टन यांनी १८०२ साली पॅलेडियम शोधलं, पण जाहीर न करता १८०३ मध्ये लंडनच्या सोहो भागातल्या एका दुकानात 'नवी चांदी' म्हणून निनावी विकायला ठेवलं. रिचर्ड चेनेविक्स या आयरिश रसायनज्ञाला वाटलं ही फसवणूक आहे. त्याने दुकानातला साठा विकत घेतला, तपासला आणि ठामपणे सांगितलं: नवा धातू वगैरे काही नाही, हा प्लॅटिनम आणि पाऱ्याचा मिश्रधातू आहे. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचं कॉप्ले पदकही त्याला मिळालं. मग वोलॅस्टनने, तेही निनावीच, कृत्रिम पॅलेडियम बनवून दाखवणाऱ्याला २० पौंडांचं बक्षीस लावलं. ते कुणालाच जमलं नाही, आणि १८०५ मध्ये त्याने स्वतःचं नाव उघड केलं. चेनेविक्स चुकला तो पाऱ्यामुळे. आणि तुमचाही संशय पाऱ्यावरच आहे, म्हणून तो मला इतका ओळखीचा वाटला. फरक एवढाच की तुमची शंका तपासण्याजोगी होती आणि चेनेविक्सची खात्री पदकासकट फसली.

घनतेबद्दल तुमचं बरोबर. मी 'पाण्याच्या सोळापट जड' असं ठोकून दिलं होतं. मोजमापं साधारण साडेतेरापासून सोळाच्या किंचित वरपर्यंत पसरली आहेत. स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीचं माप घेऊन गणित मांडलं तर आकडा १५ च्या आसपास येतो. मी टोकाचा आकडा उचलला, कारण तो वाचायला झकास वाटला. ही चूक आहे आणि मी ती मूळ लेखात दुरुस्त केली आहे. तिथेच 'चांदीसारखा मऊ' असंही लिहिलं होतं, ते काढलं. रंग चांदीसारखा पांढरा हे खरं, पण काठिण्य मोह्सच्या एक ते दहाच्या मापावर ३.५, म्हणजे चांदीपेक्षा कठीण आणि वर ठिसूळ. ठोकला तर पत्रा होणार नाही, चुरा होईल.

उपयोगाचं म्हणाल, तर काही नाही. गाड्यांच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रात लागणारं पॅलेडियम मुख्यतः रशियातल्या नोरिल्स्कच्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डच्या खाणींतून येतं. पोटाराइटसाठी खाण काढायला कुणी निघालेलं नाही आणि निघणारही नाही.

राहता राहिला तुमचा तळटीपेतला शेरा, की हे नाव पोटदुखीवरच्या गोळीसारखं वाटतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. लेख वाचून दाखवला तेव्हा घरातही सगळे त्याच ओळीला हसले होते.