उलांडी कुणाच्या बाजूला?

पार्किंगमध्ये काय ठेवू नये, याची यादी आमच्या सोसायटीच्या नियमावलीत आहे. जुने सोफे, कुंड्या, रिकामे सिलिंडर. होडी नाही. मी दोनदा वाचून खात्री केली आणि मगच भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून मरीन प्लायचे तक्ते टेम्पोत चढवले.

आमचं मूळ गाव मालवणजवळचं देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. तिथल्या माणसाच्या रक्तातच होडी असते, असा माझा समज. माझा जन्म सदाशिव पेठेतला, हा तपशील मी सोयीने बाजूला ठेवला.

बेत साधा होता. पंधरा फुटांची अरुंद होडी, आणि ती कलंडू नये म्हणून एका बाजूला दोन आडव्या वाशांवर बांधलेली उलांडी, म्हणजे होडीला समांतर तरंगणारा ओंडका. हल्लीच्या घरगुती पद्धतीत होडी चक्क शिवतात. तक्त्यांच्या कडांना भोकं पाडायची, तांब्याची तार ओवायची आणि पकडीने पीळ द्यायचा. तार आणायला तपकीर गल्लीत गेलो. "कुठली मोटर भरायची?" दुकानदाराने विचारलं. "होडी शिवायचीय," म्हटल्यावर त्याने सुट्टे न मागता उरलेले पैसे परत केले.

बायकोचं मत विचारलं नव्हतं, तरी मिळालं. मी तिला सांगितलं, अगं, २०२५ च्या मे महिन्यात नौदलाने 'कौंडिण्य' नावाचं शिडाचं जहाज ताफ्यात घेतलं, तेही शिवलेलंच आहे. काथ्याने. अजिंठ्याच्या भिंतीवरचं चित्र बघून बांधलंय. ती म्हणाली, "नौदलाकडे समुद्र आहे."

पण ती संध्याकाळ मी विसरणार नाही. तोवर जमिनीवर नुसत्या फळ्या पडल्या होत्या. मी नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, एकेक पीळ आवळत गेलो आणि पाचव्या-सहाव्या टाक्याला त्या सपाट प्लायने करकरत पोट धरलं. वॉचमन स्टूल घेऊन आला आणि तासभर हलला नाही. बोटांना तारेची टोकं टोचून रक्त येत होतं, ते मी त्याला दिसेल असं पुसलं.

मग सांध्यांना इपॉक्सीचा गोंद. दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर, हे मोजायला स्वयंपाकघरातला काटा नेला (तो आता होडीचाच आहे). मे महिन्याची दुपार. थोडं थोडं कोण कालवत बसणार, म्हणून श्रीखंडाच्या मोठ्या डब्यात एकदमच कालवलं. इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच तापतं, आणि जितका गोळा मोठा तितकं जास्त, हे मी वाचलं होतं. नंतर. डबा आधी कोमट झाला, मग हातात धरवेना, मग एका बाजूने बसला आणि धुमसू लागला. वॉचमनने वाळूची बादली ओतली. आज तो ऐवज गेटचं दार अडवायला वापरतात.

उलांडी मी ड्रेनेजच्या पाइपची केली. सहा इंची, दहा फुटी, दोन्ही तोंडं बंद. हिशेबाने साठेक किलो वजन तोलते. तिकडे ती पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करतात. देवबागच्या भाऊकाकांना फोटो पाठवला. लगेच फोन. "पायप? पांगारो मेलो काय सगळो?"

खरी लढाई तिच्यावरूनच पेटली. नुसती होडी माझ्या जागेत ऐसपैस मावत होती, पण उलांडी बांधल्यावर फूटभर ३०२ च्या काकांच्या हद्दीत गेली. त्यांनी लेखी तक्रार दिली. मी होडी फिरवली, तर उलांडी ३०४ च्या वहिनींच्या स्कूटरवर. कमिटीपुढे मी पॅसिफिकमधल्या मायक्रोनेशिया बेटांचा दाखला दिला. तिकडचे खलाशी उलांडी कायम वाऱ्याच्याच बाजूला ठेवतात आणि दिशा बदलायची तर होडी न वळवता शीडच एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेतात, मग नाळेचा मागचा भाग होतो. चेअरमन पुणेकर. त्यांना यातलं नेमकं तेवढं कळलं आणि निकाल लागला: सम तारखेला ३०२, विषम तारखेला ३०४. महिनाभर मी आणि वॉचमन रोज रात्री बारा वाजता होडी फिरवत होतो. एकतीस तारखेनंतर एक आली, तेव्हा वहिनी नियमावली घेऊनच खाली आल्या.

शेवटी टेम्पो करून होडी देवबागला नेली. खाडीत ती तरंगली. निळ्या ताडपत्रीचं शीड फुगलं, वारा उलांडीकडून आला आणि उलांडी पाण्यातून अलगद उचलली गेली. अशा वेळी तिकडे सरकून बसायचं असतं. मी थेट तिच्यावरच जाऊन बसलो. तेवढ्यात वारा पडला. उलांडी साठ किलोची, मी चौऱ्याऐंशी.

भाऊकाका किनाऱ्यावर पाण्यात उभे होते. होडी सरळ करत एवढंच म्हणाले, "आता गुमान मधी बस."

होडी तिकडेच आहे. गेल्या आठवड्यात जिन्यात ३०२ चे काका भेटले. रिकाम्या जागेकडे बघत जरा घुटमळले. "ते तुमचं कधी येणार परत? नाही, रेनकोट वाळत घालायला बरं पडायचं. सम तारखेला."