सरकत्या दरवाजाचा व्हॉट्सॲपवरील सल्ला आणि मराठवाड्याचे ऊन

उन्हाळा तापू लागला की लातूर, परभणी, नांदेडकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: गॅलरीचा किंवा अंगणाकडचा ॲल्युमिनियमचा सरकता दरवाजा जड चालू लागला म्हणजे त्याचे आयुष्य संपले, तो काढून यूपीव्हीसीचा (म्हणजे कडक प्लास्टिकचा), दुहेरी काचेचा दरवाजा बसवावा, मग घर थंड राहते व कूलर लागत नाही, धूळ आत येत नाही, टफन (तापवून कणखर केलेली) काच फुटत नाही आणि पुढे जन्मभर देखभाल करावी लागत नाही. यात थोडेफार तथ्य आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. परंतु त्यातील प्रत्येक दावा अर्धवट आहे आणि राहून गेलेला भाग आपल्याकडच्या हवेत व मातीत खर्चिक ठरतो.

पहिला दावा थंडाव्याचा. काचेतून उष्णता दोन वाटांनी आत येते: बाहेरची हवा आतल्यापेक्षा तापलेली असते म्हणून, आणि ऊन थेट काचेवर पडते म्हणून. दुहेरी काच पहिली वाट चांगली अडवते. बाहेर ४२ अंश आणि आत ३२ अंश असताना ५ मिमीच्या एकेरी काचेच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ५७ वॅट उष्णता आत येते, तर मध्ये हवेची पोकळी असलेल्या दुहेरी काचेतून साधारण २८ वॅट. परंतु याच काचेवर दुपारी चारचे पश्चिमेचे ऊन, समजा दर चौरस मीटरला ५०० वॅट, पडत असेल तर एकेरी साध्या काचेतून त्यातील सुमारे ४०० वॅट आत शिरतात आणि दोन साध्या काचांच्या जोडीतूनही साडेतीनशेच्या वरच. म्हणजे दुप्पट काचेचे पैसे मोजून वाचले ते तीसेक वॅट आणि उन्हातले थोडेसे. मुख्य उष्णता होती तशीच आत आली.

त्यामुळे यूपीव्हीसी की ॲल्युमिनियम, या प्रश्नाआधी दरवाजाचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे पाहावे लागते. परभणीच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडील दरवाजाला ऐन मे महिन्यात थेट ऊन जवळजवळ लागत नाही. जे लागते तेही दोन फुटांचा छज्जा अडवतो. पश्चिमेच्या दरवाजाला मात्र छज्जाचा उपयोग नाही, कारण ऊन तिरपे येते. तेथे ऊन परतवणारी लेप दिलेली काच घ्यावी, किंवा सरळ बाहेरच्या बाजूने शेतीची शेडनेट अथवा बांबूची चिक लावावी. आतला जाड पडदा हा काही तिचा पर्याय नव्हे. तोवर ऊन काच ओलांडून घरात आलेले असते.

कूलर लागत नाही, हे वाक्य तर आपल्याकडे लिहायलाच नको होते. कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, पण त्याने आत ढकललेल्या ओलसर हवेला दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला वाट लागते. ती नसेल तर तासाभरात खोली दमट होते आणि अंग चिकचिकते. मराठवाड्यातील कित्येक घरांत सरकता दरवाजा हीच ती वाट असते, किंवा कूलरच गॅलरीत लोखंडी स्टँडवर असतो, त्याचे तोंड अर्ध्या उघड्या पल्ल्यात आणि वरची मोकळी जागा थर्माकोलच्या तुकड्यांनी व चिकटपट्टीने बुजवलेली. अशा घरात दरवाजा किती घट्ट मिटतो यापेक्षा किती उघडतो हे महत्त्वाचे आहे. दोन ट्रॅकचा, दोन पल्ल्यांचा दरवाजा निम्माच उघडतो. तीन ट्रॅकचा, तीन पल्ल्यांचा दोन तृतीयांश. डासांच्या जाळीचा पल्ला स्वतंत्र ट्रॅकवर असावा आणि ती जाळी काढून धुता यावी, कारण मे महिन्याची धूळ बसली की तिच्यातून वारा येत नाही.

धुळीविषयी थोडक्यात. सरकणारा पल्ला सरकायचा तर चौकटीत थोडी फट ठेवावीच लागते आणि ती केसाळ ब्रशच्या पट्टीने झाकलेली असते. बाहेर उघडणारे पल्ले मिटताना रबरावर दाबून बसतात, तसे येथे होत नाही. म्हणून धूळ कमी होईल, बंद होणार नाही. वावटळ आली की तर नाहीच.

टफन काच साध्या काचेपेक्षा सुमारे चौपट मजबूत असते, हे खरे. पण तिच्या कडेला किंवा कोपऱ्यावर टणक वस्तू लागली तर ती एका क्षणात बारीक दाण्यांत विखुरते, आणि काचेत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहिला असेल तर एखाद्या वेळी कोणी हात न लावताही फुटते. ते दाणे फारसे कापत नाहीत, हा तिचा खरा गुण. फुटल्यावरही काच जागेवर राहावी असे वाटत असेल, उदाहरणार्थ तळमजल्यावर चोरीच्या भीतीने, तर मध्ये पातळ पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच मागावी. टफन काचेच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण व आयएस २५५३ हा क्रमांक कोरलेला आहे का, हे बसवण्याआधी पाहावे.

आता जड चालणारा दरवाजा. बहुधा दोष पल्ल्याचा नसतो, खालच्या रोलरचा किंवा ट्रॅकमध्ये थापलेल्या मातीचा असतो, आणि त्यावर घरातले तेल सोडले असेल तर त्या मातीचा काळा लगदा झालेला असतो. पल्ला उचलून बाहेर काढला की झिजलेला नायलॉनचा रोलर डोळ्यांना दिसतो. तो बदलण्याचा खर्च नव्या दरवाजाच्या मानाने किरकोळ आहे. ट्रॅकची कडच झिजून चपटी झाली असेल तर मात्र दुरुस्तीत अर्थ नाही. तिसरे कारण आपल्या काळ्या मातीचे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे पाया पुरेसा खोल नसलेल्या घरात भिंतीला तडा जातो आणि चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहत नाही. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. चार-पाच मिमीहून अधिक फरक निघाला तर आधी गवंड्याला बोलवावे. नाही तर नवा दरवाजाही दोन पावसाळ्यांत अडकू लागेल.

राहिला देखभालीचा दावा. यूपीव्हीसी उष्णता फारच कमी वाहून नेते आणि गंजत नाही, हे मान्य. पण ते उन्हात ॲल्युमिनियमच्या तिप्पट प्रसरण पावते: हिवाळ्यातील १० अंशांपासून उन्हात तापलेल्या ५५ अंशांपर्यंत २.४ मीटरची पट्टी सुमारे साडेसात मिमी वाढते, ॲल्युमिनियमची अडीच मिमी. म्हणून चौकट व भिंत यांत फट सोडून ती फोम आणि सिलिकॉनने भरायची असते. गवंड्याने ती सिमेंटने घट्ट बुजवली की चौकट वाकते. पट्टीच्या पोकळीत मजबुतीसाठी गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची नळी आहे का, तेही विचारावे. दुहेरी काचेचे वजन वेगळेच: १.२ बाय २.१ मीटरच्या पल्ल्यात ५ मिमीची एक काच साडेएकतीस किलोची, तर दोन मिळून ६३ किलो, आणि सगळा भार त्याच दोन-चार रोलरवर. हे रोलर स्टेनलेस स्टीलचे, बेअरिंगचे असावेत, हे कोटेशनमध्ये लिहून घ्यावे.

माप फरशी बसल्यानंतरच द्यावे आणि रुंदी व उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान आकडा धरावा. टफन काच तयार झाल्यावर कापता येत नाही. माप चुकले तर ती टाकून नवी करावी लागते.