‘माझी जागा, माझा बोर्ड’ वाल्या मेसेजला उत्तर

एक मेसेज गेले काही दिवस सगळीकडे फिरतोय, तुमच्यापर्यंतही आलाच असेल. म्हणणं थोडक्यात असं की जागा माझी, दुकानाचा किंवा जाहिरातीचा बोर्ड माझ्या पैशाचा, मग तो केवढा असावा आणि त्यात लाईट किती सोडावा हे नगरपालिका कोण सांगणार? बोर्डामुळे अपघात होतात ही थाप आहे, बोर्ड लहान केला की छोटा दुकानदार मेला, हा बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, शहर सुंदर दिसावं हे खूळ आहे आणि हे सगळं शेवटी फी उकळायला चाललंय. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो.

‘जागा माझी’ – तुमचीच आहे, कोण नाही म्हणतंय. पण बोर्ड तुम्ही आतल्या खोलीत लावलात तर कुणी विचारायला येत नाही. तो रस्त्याकडे तोंड करून लावता कारण समोरून माणसं जातात, आणि तो रस्ता सगळ्यांच्या पैशाने झालाय. तेच होर्डिंग ओसाड माळावर उभं केलं तर त्याला भाडं कोण देईल? म्हणजे लोखंड तुमचं, पण त्याला जी किंमत येते ती समोरच्या रस्त्यामुळे येते, मग रस्ता वापरणाऱ्यांनी चार अटी घातल्या तर त्यात अन्याय कुठे आला?

आणि बोर्ड पडतो तेव्हा तो फक्त तुमच्या जागेत पडतो असं कुठंय? १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात होर्डिंग शेजारच्या पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ माणसं गेली. त्याचं माप १२० बाय १२० फूट होतं आणि महापालिकेची मर्यादा होती ४० बाय ४०. लोकांना वाटतं तिप्पट मोठं, पण क्षेत्रफळ काढून बघा, १६०० चौरस फूट आणि १४,४०० चौरस फूट, नऊपट झालं. होर्डिंग म्हणजे वाऱ्यासाठी शीडच आहे. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरवर साधारण ४५-५० किलोचा दाब येतो, म्हणजे एवढ्या पत्र्यावर ६० टनांच्या वर ढकल, आणि ती उंचावर बसते म्हणून पायाला उलथवायचा जोर अजून वाढतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. त्यामुळे ‘थोडं मोठं केलं तर काय बिघडतं’ हे वाक्य इथे चालतच नाही, पाया किती खोल, वेल्डिंग कसं, गंज किती लागलाय हे खालून जाणाऱ्याला दिसत नाही, म्हणून ते त्याच्या वतीने कुणीतरी तपासायचं असतं. आणि ही काळजी आजची नाही. लंडनमध्ये छपरांवर जाहिरातींचे मोठे सांगाडे उभे राहायला लागले तेव्हा १८९१ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, ‘स्काय साइन’ असं नावच होतं त्याचं. आपल्या सरकारी मराठीतला ‘आकाशचिन्ह’ हा शब्द त्या ‘स्काय साइन’चाच अनुवाद.

‘अपघाताची थाप’ – इथे मी प्रामाणिकपणे सांगतो, साध्या होर्डिंगमुळे नेमके किती अपघात वाढतात यावर संशोधनाचे निकाल एकसारखे नाहीत, काहींत परिणाम दिसतो, काहींत दिसत नाही, त्यामुळे ‘प्रत्येक बोर्ड माणूस मारतो’ असं कुणी म्हणत असेल तर तेही चूक. पण नियम त्या एका प्रश्नावर उभे नाहीयेत. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, दोन सेकंद नजर बाजूला गेली की ३३ मीटर रस्ता न बघता कापला. कोपऱ्यावर बोर्ड असा लावला की वळणारी गाडी आणि रस्ता ओलांडणारं पोर एकमेकांना दिसत नाही, तर त्याला संशोधन कशाला पाहिजे? सिग्नलच्या मागे लाल-हिरवा चमकणारा बोर्ड आला तर सिग्नलचा दिवा कोणता तेच कळत नाही. १९६८ च्या व्हिएन्ना करारात, ज्यात देशोदेशी रस्त्यावरच्या खुणा सारख्या ठरवल्या, त्यातही वाहतुकीच्या खुणांशी गोंधळ होईल, त्या झाकल्या जातील किंवा डोळे दिपतील असे फलक लावायला बंदी आहे.

एलईडी बोर्डाचं तर वेगळंच. तो भर उन्हात दिसावा म्हणून त्याचा उजेड प्रचंड ठेवावा लागतो आणि तोच उजेड रात्री तसाच ठेवला तर समोरच्याला सहन होत नाही, म्हणून बऱ्याच शहरांत रात्री तो कितीतरी पटीने खाली आणायची अट असते. आमच्या समोर असा एक बोर्ड दीड वर्ष होता, दर काही सेकंदांनी खोलीचा रंग बदलायचा, जाड पडदे लावूनही आई रात्रभर कूस बदलत असायची. तेव्हा ‘बघायचं नसेल तर बघू नका’ हे उत्तर मला देऊन बघा. डोळे मिटले तरी पापण्यांतून उजेड येतो हो.

आता छोट्या दुकानदाराचा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण मेसेजमध्ये तो बरोबर उलटा मांडलाय. समजा एका रस्त्यावर पन्नास दुकानं आहेत आणि नियम काहीच नाही. एकाने पाटी मोठी केली, त्याची दिसायला लागली, शेजाऱ्याची झाकली गेली, मग शेजाऱ्याने अजून मोठी केली, तिसऱ्याने रस्त्यावर पुढे काढली, चौथ्याने दिवे लावले. वर्षभरात पन्नास जणांनी खर्च केला आणि आता कुणाचीच पाटी नीट वाचता येत नाही, सगळे पुन्हा होते तिथेच, फक्त खिसा हलका. या शर्यतीत टिकतो तो ज्याच्याकडे पैसा जास्त आहे, शिलाईचं मशीन घेऊन बसलेला माणूस नाही टिकत. मापाची मर्यादा सगळ्यांना सारखी असली की त्याची छोटी पाटीही दिसते.

ब्राझीलमधल्या साओ पाउलोने हेच केलं. २००६ मध्ये ‘स्वच्छ शहर’ नावाचा कायदा झाला, १ जानेवारी २००७ पासून लागू, सुमारे १५,००० होर्डिंग उतरली. आणि दुकानाची स्वतःची पाटी बंद केली नाही, दुकानाच्या दर्शनी भागाच्या रुंदीप्रमाणे पाटीचं माप ठरवलं, रुंदी दहा मीटरपेक्षा कमी असेल तर पाटी दीड चौरस मीटरपर्यंत. तेव्हाही धंदे बुडणार म्हणून ओरड झाली होती, पण शहराचा व्यापार चालू राहिला. पुढे बस थांब्यांवर थोड्या जाहिराती परत आल्या, पण बदल्यात थांबे बांधायचे आणि सांभाळायचे या अटीवर. अमेरिकेत व्हरमाँट राज्याने १९६८ मध्ये होर्डिंगवर बंदी घातली, तिथला बराच धंदा तर पर्यटकांवर चालतो. त्यांनी रस्त्यावर सगळ्यांसाठी एकाच मापाच्या दिशादर्शक पाट्या लावल्या, छोटी खानावळ आणि मोठं हॉटेल एकाच आकारात.

‘बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला’ – हा धोका खरा आहे, पण तो कुठे आहे ते नीट बघू. बोर्ड केवढा, कुठे, किती उजेडाचा हे ठरवणं एक गोष्ट आणि त्यावर काय लिहिलंय ते बघून परवानगी देणं दुसरी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ बऱ्यापैकी स्वच्छ आखलीय. लॉस एंजेलिसमध्ये विजेच्या खांबांवर काहीही चिकटवायला मनाई होती, निवडणुकीचे फलकसुद्धा, ती १९८४ मध्ये कोर्टाने मान्य केली कारण सगळ्यांना सारखी होती. तेच २०१५ मध्ये ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावाचा नियम रद्द केला, कारण तिथे राजकीय फलकाला एक माप आणि चर्चच्या प्रार्थनेची जागा सांगणाऱ्या फलकाला वेगळं, लहान माप होतं. म्हणजे मजकुरावर डोळा ठेवणारा नियम पडतो, मापावरचा टिकतो. असा मजकुरावरचा नियम तुमच्या शहरात असेल तर जरूर भांडा, मी तुमच्यासोबत आहे.

सौंदर्याचं फार लांबवत नाही. काही ठिकाणी झगमगाट हेच त्या जागेचं रूप असतं, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १९८७ पासून नव्या इमारतींवर दिव्यांच्या पाट्या लावायची सक्ती आहे, तोही नियमच ना? कुठे काय शोभतं ते तिथल्या लोकांनी ठरवायचं एवढंच.

राहिली फी. इथे मेसेजवाल्यांचं अर्धं म्हणणं मला पटतं. फी घ्यायची आणि पाया बघायला कुणी जायचंच नाही, हे असं चालत असेल तर ती लूटच आहे. पण त्यावर नियम काढून टाकणं हा उपाय कसा होईल, तपासणी करायला लावणं हा उपाय आहे. प्रत्येक होर्डिंगवर खालच्या बाजूला, माणसाला वाचता येईल अशा अक्षरात, परवान्याचा नंबर, मंजूर माप, मुदत आणि शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख लिहिलेली पाहिजे, आणि तोच तक्ता ऑनलाइन. मग ४० फुटाचा परवाना आणि १२० फुटाचा सांगाडा हा फरक खाली रिक्षाची वाट बघत उभ्या असलेल्या माणसालाही कळेल आणि तो फोटो काढून तक्रार टाकू शकेल.