पिंजरा नको, दिवसाची लाईन द्या

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-कोंढाळीच्या पट्ट्यात पुन्हा तेच सुरू झालंय. कुणाच्या तरी वावरात बिबट्या दिसला, अंधुक व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरला आणि दुसऱ्या दिवशी निवेदन तयार: पिंजरा लावून बिबट्याला तातडीने जेरबंद करा. खाली सह्याच सह्या. त्यात माझी नाही. त्यावरून ग्रुपवर मला जे ऐकवलं गेलं ते सगळं वाचलं. एकाने तर माझं माहेर काढलं. ते त्याच गावात आहे हे बिचारा विसरला. तर एकदाच सविस्तर लिहिते.

एक गोष्ट आधीच बाजूला काढून ठेवते. ज्या जनावराने माणूस मारला आणि ते तेच आहे हे पगमार्क (पंजाचे ठसे), कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) वगैरेंवरून नक्की झालं, ते पकडावंच लागेल. त्यावर माझा वाद नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ त्यासाठीच आहे. जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झालं असेल, किंवा बरं न होण्याइतकं जखमी-आजारी असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात. 'दिसला' हे कारण त्यात कुठेच नाही. आणि याच कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारण्यासोबत सापळा लावून पकडणंही येतं.

आता पिंजरा काम कसा करतो ते बघा. आत बोकड बांधतात. जे भुकेलं येईल ते आत जातं आणि दार पडतं. दोषी कोण, हे पिंजऱ्याला कळत नाही. गोऱ्हा नेणारा नर तोवर दोन शिवारं पुढे गेलेला असू शकतो, आणि अडकते ती कुत्री-डुकरं खाऊन कुणाच्या अध्यात ना मध्यात राहणारी मादी. तिची पिल्लं तिकडे तुरीत. अडकलेलं जनावर रात्रभर गजांना चावतं, धडका देतं. सुळे तुटतात, नखं जातात. सुळे तुटलेल्या बिबट्याला सोडलं तर तो चितळामागे धावेल की कोठ्यातल्या, म्हणजे गोठ्यातल्या, बकरीमागे? नाही सोडला तर जन्मभर गजांआड. इकडे त्याची जागा रिकामी झाली की महिना-दोन महिन्यांत नवा बिबट्या येतो, बहुतेक वेळा तरणा, अजून स्वतःचं रान नसलेला, गावाची सवय नसलेला. मग पुन्हा निवेदन.

हे मी मनाने सांगत नाहीये. पुणे जिल्ह्यात जुन्नरला हा प्रयोग करून झालाय. तिथे २००१ पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला: १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, पकडापकडीनंतर ते वर्षाला १७ वर गेले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालं. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०११ मध्ये बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात उगाच पकडून हलवू नका असं आहे ते याच अनुभवातून. आणि सोडलेला बिबट्या सोडल्या जागी राहतो थोडाच. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या २००९ मध्ये गळ्यात माग काढणारी कॉलर घालून माळशेज घाटात सोडला, तर तो शंभरावर किलोमीटर चालत मुंबईच्या नॅशनल पार्कात पोचला.

जुन्नर लांब वाटत असेल तर आपल्या विदर्भातलं घ्या. २०१७ च्या जुलैमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीची वाघीण पकडून बोर व्याघ्र प्रकल्पात आणून सोडली. ती बोरला थांबली नाही. अडीच महिन्यांत शेकडो किलोमीटर फिरली, नव्या मुलखातही माणसं गेली, गोळी घालायचे आदेश निघाले, प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं आणि ऑक्टोबरमध्ये वर्धा जिल्ह्यातल्या एका शेताच्या कुंपणात सोडलेल्या करंटला चिकटून ती मेली. यवतमाळकडे नरभक्षक म्हणून २०१८ मध्ये गोळी घातलेल्या अवनी वाघिणीच्या मादी पिल्लाचंही तेच. २०१८ च्या डिसेंबरात पकडली, पेंचच्या बंदिस्त आवारात वाढवली, मार्च २०२१ मध्ये जंगलात सोडली, आणि पंधरा दिवसांच्या आत दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीच्या जखमांनी ती गेली. ज्यांनी तिला वाढवलं त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण जंगलात कसं जगायचं ते आईशिवाय शिकवणार कोण?

इथवर सगळे ऐकतात. मग माझे मामा म्हणतात, "तुह्यं काय जाते बाई, तू नागपूरले राह्यतं. रातच्या ओलिताले आमाले जा लागते."

मामांचं हे बोलणं मी खोडून काढू शकत नाही आणि काढणारही नाही, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे. संत्र्याला पाणी द्यायचं तर मोटार चालली पाहिजे, मोटारीला थ्री-फेज लाईन पाहिजे, आणि ती लाईन आठवड्यातले निम्मे दिवस रात्री येते. म्हणजे ज्या वेळी बिबट्या, रानडुक्कर, साप सगळे बाहेर पडतात, नेमक्या त्या वेळी साठीतला माणूस एका हातात फावडं आणि एका हातात टॉर्च घेऊन धुऱ्याधुऱ्याने वाकून चालतो. वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटतोच असं नाही. ही परिस्थिती बिबट्याने आणलेली नाही. उद्या तालुक्यातला शेवटचा बिबट्या पकडून नेला तरी मामा रात्री एक वाजता अंधारातच पाणी फिरवतील, आणि डुक्कर किंवा घोणस तिथे असेलच.

म्हणून मला पिंजऱ्याचा राग येतो. पिंजरा सरकारला फार स्वस्तात सोडवतो. दोन दिवसांत गाडी येते, पिंजरा उतरतो, फोटो निघतो, नेता येऊन जातो, लोक शांत. दिवसा वीज द्यायची तर वर्षं लागतात, पैसा लागतो. त्यासाठीचीच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची, दुसरा टप्पा २०२३ चा, आणि मामा अजून रात्रीच जातात. माणूस दगावला तर २५ लाखांची मदत आहे. मग तो माणूस रात्री वावरात जाऊच नये यासाठी खर्च करायला हात का आखडतो?

दुसरी मागणी कोठ्याची. वरून उघडा, बाजूने काट्यांचं कुंपण, असा कोठा म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. लोखंडी पाईप, जाळी आणि वर पत्रा, एवढं केलं तरी निम्मी भांडणं मिटतील. यासाठी अनुदान मागा, सगळ्यांत आधी माझी सही घ्या. डुकरांसाठी कुंपणात थेट करंट सोडण्यापेक्षा झटका मशीन घ्या, त्याने नुसता झटका बसतो, जीव जात नाही. त्या उघड्या तारेने वाघ मरतो तसा शेजारचा सालदारही मरतो.

मला कुणीतरी विचारलं, "जंगलातलं जनावर जंगलात का नाही राहत?" नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून अभ्यास झाला होता. ऊस, मका, वस्त्या, जंगल जवळपास नाहीच, तरी १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले. त्यांचं मुख्य खाणं मोकाट कुत्री. म्हणजे कोंबडीच्या दुकानाची घाण आपण गावाबाहेर टाकणार, त्यावर कुत्री पोसणार आणि कुत्र्यांमागे बिबट्या आला की ओरडणार. नागपूरकरांनीही हसू नये. २०१९ मध्ये मिहानात वाघ कॅमेऱ्यात आला होता आणि २०२१ च्या मे महिन्यात आयटी पार्कजवळच्या गायत्रीनगरात बिबट्या दिसला, पुढे महाराजबागेच्या नाल्यापर्यंत त्याचा माग लागला. नाल्यातली डुकरं काय त्याने आणली होती?

जाता जाता बिबट्याच्या धाकट्या भावंडांबद्दल, म्हणजे छोट्या रानटी मांजरांबद्दल. कोंबड्या जातात म्हणून रानमांजराला फासे लावणारे आहेत. ते दिवसभर तुमच्या वावरातले उंदीर खातं, त्याचा हिशेब कुणी धरत नाही. वाघाटी तर दीड किलोच्या आतबाहेरची, आशियातली सगळ्यांत लहान रानटी मांजर. तूर कापताना तिची किंवा रानमांजराची पिल्लं सापडली की आपली चांगली माणसं ती घरी आणून दूध पाजतात. कृपा करून आणू नका. होती तिथेच राहू द्या, तेवढा तुकडा कापायचा थांबवा आणि वनखात्याच्या १९२६ नंबरवर कळवा. बहुतेक वेळा रात्री आई येऊन एकेक उचलून नेते.

दुसरं निवेदन मी लिहून ठेवलंय. रब्बीच्या ओलितासाठी दिवसा लाईन, बंदिस्त कोठ्याला अनुदान, वस्तीच्या टोकाला दिवे, मांसाच्या घाणीची विल्हेवाट, आणि माणसावर हल्ला झाला तर आधी जनावराची ओळख, मगच पिंजरा. पहिली सही मामांची आहे. "बिबट्यासाठी नाई करून राह्यलो, लायनीसाठी करून राह्यलो," असं बजावून त्यांनी केली. चालेल. रविवारी मी गावात आहे, ज्यांना करायची त्यांनी मामांकडे या. ज्यांना भांडायचंय त्यांनी थोडं उशिरा या, आधी सह्या होऊ द्या.