अंड्यावर सोडलेला उपास

ऑक्टोबरात रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा तो एचबीएवनसी 6.2 निघाला. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह नाही अजून. उंबरठ्यावर आहात." साठीला आलोय, उंबरठे बरेच झालेत, त्यात हा एक.

उपाय सोपा होता. दिवसाला 100 ग्रॅमच्या आत कर्ब, म्हणजे कर्बोदकं, रात्रीचं जेवण आठच्या आत आणि मग थेट दुसऱ्या दिवशी बाराला. गोळ्या चालू नाहीत, म्हणून तुम्हाला चालेल, असंही म्हणाले. वर तंबी दिली की या वयात स्नायू झडतात, नुसते उपाशी राहू नका, डाळी-अंडी वाढवा.

आता हे सोलापुरात करायचं. आमच्या डब्यात मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी. 100 ग्रॅम पिठात सत्तरेक ग्रॅम कर्ब, म्हणजे दोन भाकरीत माझा दिवस संपला. कडक भाकरीवर थोडी आशा होती. पापडासारखी मोडते, तिच्यात काय असणार! पण वाळवल्यावर जातं ते फक्त पाणी. उरली शेंगा चटणी. तीत कर्ब कमी, प्रथिनं भरपूर. पण भाकरीशिवाय शेंगा चटणी खाणं म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. मी ती काकडीला लावून खाल्ली. मित्रानं पाहिलं. "काय बे, काकडी काय खालालास? घरात भांडण झालं का?"

खरी गाठ पडली आईशी. वय 84, पंधरवड्याची एकादशी कधी चुकली नाही. मुलगा साठीला का होईना, रोज उपास करायला लागला, याचा तिला कोण आनंद! तो पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजेपर्यंत टिकला. बाराला मी दोन उकडलेली अंडी सोलली.

"उपास अंड्यावर सोडतोस?"

मी तिला समजावलं. जपानचे ओसुमी म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांना 2016 चं नोबेल मिळालं. पेशी उपाशी राहिली की घरातलं भंगार मोडून खाते, हे कसं घडतं ते त्यांनी शोधलं. "माणसं उपाशी ठेवली होती?" तिनं विचारलं. यीस्टवर केलं, असं मला कबूल करावं लागलं. यीस्टला एकादशी नसते.

मला होती. त्या दिवशी बाराला अंडं बंद, आणि समोर साबुदाण्याची खिचडी, भगर, बटाटा, रताळं. एकूण एक पिठूळ. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. वर्षभरात मी सर्वांत जास्त कर्ब उपासाच्या दिवशीच खात आलो होतो, हे साठीत कळलं. शेवटी भगर बाजूला सारून दाण्याची आमटी तीन वाट्या प्यालो. आई बायकोला म्हणाली, "ह्याला काहीतरी झालंय गं."

डिसेंबरात मित्राच्या शेतावर हुरडा. सकाळचे साडेनऊ, आगटी पेटलेली, तळहातावर चोळलेला ऊन ऊन हुरडा, शेजारी गूळ आणि चटणी. आणि मी घड्याळाकडे बघत बसलेलो, तेरवीला आल्यासारखा. बारापर्यंत आगटी विझली होती. गार हुरडा मूठभर खाल्ला, तोही मोजून.

भोगीला मात्र हरलो. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, भोगीची भाजी. मी अर्धीच मागितली. "न खाई भोगी तो सदा रोगी," आई एवढंच म्हणाली. अडीच खाल्ल्या.

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरल्यावर पुन्हा रक्त दिलं. 6.0. डॉक्टर खूश. मी पेढे न घेता, फुशारकी मारत घरी आलो आणि आईला कागद दाखवला. तिनं चष्मा लावून दोन्ही आकडे ताडून पाहिले.

"तीन महिने उपाशी राहून एवढंच? कुठल्या देवाचा धरला होतास रे?"