‘नर्सला एमएस्सी कशाला?’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलाय. आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाईटिंगेल, त्या कंदीलवाल्या बाईंचं चित्र आणि खाली मजकूर: नर्सला सेवाभाव पुरे, एमएस्सी-पीएचडीची थेरं कशाला? आमची भाची एमएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे हे ठाऊक असूनही चौघांनी त्यावर अंगठे दिले. मी वॉर्डात नोकरी केलेली सिस्टर, गप्प बसवेना.

त्यातलं सगळ्यात घातक वाक्य: ‘पूर्वीच्या नर्स स्पिरिट-पावडर चोळून पाठ राखायच्या, संशोधन लागत नव्हतं.’ घातक अशासाठी, की लोक घरीही हेच करतात. अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला की चोळायला बसतात. तो चट्टा बोटाने दाबून बघा. दाबूनही लाली जात नसेल तर बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाबामुळे होणारी जखम, सुरू झालाय. आधीच दुखावलेली जागा चोळून आणखी दुखावते, स्पिरिटने कातडी कोरडी पडते ती वेगळीच. बेडसोरबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही अशी जागा चोळू नका असंच सांगितलंय. सावळ्या कातडीवर तर लाली नीट दिसतही नाही. तिथे हात लावून गरम किंवा कडक लागतंय का ते बघावं लागतं. कुणाला बेडसोरचा धोका जास्त, हे गुण देऊन ठरवायची ब्रेडन स्केल 1987 साली बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी मांडली. दोघीही नर्सच, आणि संशोधक.

‘पेशंट डॉक्टरमुळे वाचतो, नर्स दोन कमी-जास्त असल्या तर काय बिघडतं?’ नर्सिंग-संशोधक लिंडा एकन यांचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला 2014 चा अभ्यास बघा. युरोपातले 9 देश, 300 रुग्णालयं, नेहमीच्या शस्त्रक्रिया झालेले 4 लाखांवर रुग्ण. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की दाखल झाल्यापासून 30 दिवसांत मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी जास्त. पदवीधर नर्सचं प्रमाण 10 टक्क्यांनी वाढलं की तीच शक्यता 7 टक्क्यांनी कमी. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, मान्य. पण ‘काय बिघडतं’ म्हणणाऱ्यांकडे काय आहे? एक फॉरवर्ड!

‘एमएस्सीचे प्रबंध म्हणजे कॉपी-पेस्ट.’ इथे मात्र दातओठ खात थोडं मान्य करते. ‘अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता’ असल्या साच्यातले प्रबंध आपल्याकडे पोत्याने निघतात. आधी प्रश्नावली, मग तक्ते दाखवून भाषण, मग तीच प्रश्नावली. गुण वाढले, प्रबंध झाला. पेशंटचा ताप, जखम, घरी जायचा दिवस यांचा पत्ताच नाही. पण हा दोष विषय मंजूर करणाऱ्या गाइडांचा, शिक्षणाचा नव्हे.

‘शिकलेल्या नर्स वॉर्डात थांबत नाहीत.’ एमएस्सीवाल्यांना वॉर्डात वेगळं पद आणि पगार द्या, मग बोला.

राहिलं ते चित्र. रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात जखमांपेक्षा रोगराईनेच जास्त ब्रिटिश सैनिक मेले, हे त्या नाईटिंगेल बाईंनी 1858 साली आकडेवारीच्या आकृत्या काढून ब्रिटिश सरकारपुढे ठेवलं होतं. कंदीलच शोभायला हवा असेल तर दुसरा कुणाचा तरी शोधा.