स्क्रीनवर दिसतोय, म्हणजे नजरेत आहे?

हौशी ड्रोनवाल्यांमध्ये एक फॉरवर्ड पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: ड्रोन २५० ग्रॅमच्या आत असेल तर 'नजरेच्या टप्प्यात ठेवा' हा नियम लागूच नाही. तसंही कॅमेऱ्याचं चित्र हातातल्या स्क्रीनवर येतंय, म्हणजे ड्रोन नजरेतच आहे. खोक्यावर १० किलोमीटर रेंज छापलीय, ती काय उगाच? संपर्क तुटला तर तो आपोआप परत येतो. डिलिव्हरी कंपन्या रोज नजरेपलीकडे उडवतात, मग आडकाठी आपल्यालाच का? आणि शेवटी ठरलेलं वाक्य: आजवर कुणाला काय झालंय?

स्क्रीनपासून सुरू करतो, कारण बाकीचा डोलारा तिच्यावरच उभा आहे.

ड्रोनला काय दिसतंय ते स्क्रीन सांगते. ड्रोनच्या अंगावर कोण येतंय ते सांगत नाही. कॅमेरा पुढे बघतो, आणि बहुतेक वेळा खाली झुकून, कारण आपल्याला दृश्य हवं असतं, आभाळ नको असतं. मागून किंवा वरून येणारं हेलिकॉप्टर त्या चौकटीत शिरतच नाही. ताशी २५० किलोमीटरने जाणारं हेलिकॉप्टर सेकंदाला जवळपास ७० मीटर कापतं. म्हणजे तुम्ही दहा सेकंद फोटोची चौकट जुळवत बसलात, तेवढ्यात ७०० मीटर लांब असलेलं डोक्यावर आलेलं असतं.

यात कानांचा विचार कुणीच करत नाही. ड्रोन जवळ असतो तेव्हा हेलिकॉप्टर बहुधा दिसण्याआधी ऐकू येतं, आणि आपण मुकाट्याने खाली उतरतो. ड्रोन २ किलोमीटर लांब असेल तर त्याच्या शेजारचा आवाज आपल्यापर्यंत पोचायलाच सहा सेकंद लागतात. तोवर हेलिकॉप्टर ४०० मीटर पुढे सरकलेलं असतं. तेही इतक्या लांबून ऐकू आलं तर.

विमान उडवणाऱ्यावर 'बघा आणि टाळा' ही जबाबदारी पूर्वीपासून आहे. ड्रोनमध्ये बसून खिडकीबाहेर बघणारं कुणी नसतं, म्हणून ते डोळे जमिनीवर उभ्या माणसाचे असावेत, एवढाच या नियमाचा अर्थ. अमेरिकेच्या पार्ट १०७ या व्यावसायिक ड्रोनच्या नियमावलीत तो फोड करून लिहिलाय: चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स सोडून दुसऱ्या कुठल्याही उपकरणाशिवाय ड्रोन दिसला पाहिजे. म्हणजे स्क्रीन गेली, कॅमेऱ्याचं चित्र डोळ्यांसमोर दाखवणारा गॉगल गेला, दुर्बिणीवरची भिस्तही गेली. पार्ट १०७ हौशींसाठी नाही, असा युक्तिवाद येईल. खरंय. पण हौशींसाठी २०१८ साली जो कायदा झाला, त्यातही नजरेच्या टप्प्याची अट आहेच.

आता हा टप्पा किती? निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाइतका, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका, तपशील वेगळा ओळखता येतो. १ किलोमीटरवर ते होतात सुमारे २९ सेंटीमीटर. हात, म्हणजे पंखे धरणारे दांडे, उघडलेला छोटा ड्रोन जवळपास तेवढाच. म्हणजे अगदी स्वच्छ हवेतही तिथे एक ठिपका उरतो, त्याला ना तोंड ना शेपूट. जर्मनीच्या हवाई प्राधिकरणाचं यासाठी एक सूत्र आहे: मल्टिकॉप्टरचं, म्हणजे अनेक पंख्यांच्या ड्रोनचं, सर्वांत मोठं माप मीटरमध्ये घ्या, ३२७ ने गुणा, २० मिळवा. तेवढ्या अंतरापर्यंत तो कुठल्या बाजूला वळलाय, कलतोय का, हे डोळ्यांना कळतं असं धरायचं. ३० सेंटीमीटरच्या ड्रोनसाठी उत्तर येतं ११८ मीटर.

आकडा वाचून मला तो कंजूष वाटला होता, म्हणून एका ढगाळ दुपारी मोकळ्या मैदानात स्वतः बघितलं. ऐंशी-नव्वद मीटरपर्यंत ड्रोनचं तोंड कुठे ते कळत होतं. दीडशेला नुसता करडा तुकडा. तीनशेला ठिपका. मग मान खाली घालून पाचेक सेकंद स्क्रीन बघितली आणि मान वर केली, तर ठिपका गायब. ड्रोन जागच्या जागीच होता, पण पांढऱ्या आभाळात सापडेना. नकाशावरचा बाण बघून त्या दिशेला तोंड केलं, तरी नाही. शेवटी स्टिक डावी-उजवीकडे हलवली, तेव्हा काहीतरी हललं आणि नजर तिथे अडकली. हे तीनशे मीटरवर, दिवसाढवळ्या.

आता २५० ग्रॅम. या गैरसमजाचं मूळ मला समजतं, कारण हलक्या ड्रोनला काही सवलती खरोखरच आहेत. अमेरिकेत हौशी माणसाला २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन नोंदवावा लागत नाही. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पण सवलत कागदपत्रांची आहे. नॅनो असला म्हणून भारतात रेड झोनमध्ये, म्हणजे उड्डाणाला मनाई असलेल्या भागात, विनापरवाना शिरता येत नाही, आणि अमेरिकेत नोंदणी माफ झाली म्हणून नजरेचा नियम माफ होत नाही. युरोपात तर २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनलाही कॅमेरा असेल आणि तो खेळण्यात मोडत नसेल, तर चालकाला नोंदणी करावीच लागते. ओपन, म्हणजे आधी परवानगी न लागणाऱ्या, श्रेणीतल्या बाकी ड्रोनसारखीच १२० मीटर उंचीची आणि नजरेत ठेवण्याची अटही त्याला आहे.

आणि 'एवढासा ड्रोन काय बिघडवणार?' याचं उत्तर जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ मिळालं. पॅलिसेड्सचा वणवा पेटलेला असताना एकाने सांता मोनिकातल्या पार्किंग इमारतीच्या वरच्या मजल्यावरून डीजेआय कंपनीचा मिनी ३ प्रो उडवला. हा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतल्या श्रेणीतला. वणव्यामुळे तिथे उड्डाणबंदी होती. त्याने ड्रोन अडीच किलोमीटरहून लांब आगीच्या दिशेने नेला आणि तो नजरेआड गेला. तिथे तो क्वेबेकहून मदतीला आलेल्या, पाणी टाकणाऱ्या सुपर स्कूपर विमानाच्या डाव्या पंखावर आदळला. पंखाला साधारण ३ बाय ६ इंचांचं भोक पडलं. वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवलं, पण आग भडकलेली असताना ते काही दिवस जमिनीवर बसून राहिलं. दुरुस्तीचा खर्च निघाला किमान ६५,१६९ डॉलर.

रेंजबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. १० किलोमीटर हा रेडिओचा आकडा आहे, मध्ये काही आडवं नसताना आणि इतर सिग्नलचा गोंधळ नसताना मोजलेला. मोटारीच्या मीटरवर २२० छापलेलं असतं, म्हणून रस्त्याची वेगमर्यादा २२० होत नाही. 'अ‍ॅपने अडवलं नाही' हेही त्याच माळेतलं. जानेवारी २०२५ पासून डीजेआयने अमेरिकेत प्रतिबंधित भागातलं उड्डाण आपणहून रोखणं बंद केलं. आता इशारा दिसतो, निर्णय उडवणाऱ्याचा.

'संपर्क तुटला तर घरी येतो.' येतो, बऱ्याचदा येतो. पण कसा येतो ते बघा. ठरवून दिलेल्या उंचीवर, समजा ६० मीटरवर, चढतो आणि सरळ रेषेत निघतो. ती उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते. वाटेत टेकडी वर आली तर ते ६० मीटर टेकडीपासूनचे नसतात. अडथळे ओळखणारे सेन्सर भिंत ओळखतात, बारीक तार ओळखतीलच असं नाही, आणि अंधारात तर त्यांची पंचाईतच. शिवाय वारा. ड्रोन सेकंदाला १० मीटरने परततोय आणि समोरून ७ मीटरचा वारा आहे, तर हातात राहतात ३. दोन किलोमीटर यायला सव्वातीन मिनिटांऐवजी अकरा मिनिटं लागतील. तेवढी बॅटरी उरलीय का, हे जाताना वारा पाठीशी असतो तेव्हा कुणाच्या डोक्यात येत नाही.

डिलिव्हरी कंपन्यांचं उदाहरण तर उलट फिरतं. त्या उडवतात ते परवानगी घेऊन, आणि ती परवानगी मिळवताना डोळ्यांऐवजी काय वापरणार हे दाखवून द्यावं लागतं. झिपलाइन कंपनीने २०१६ साली रवांडात रक्त पोचवायला सुरुवात केली. पुढे त्यांनी ड्रोनवर मायक्रोफोन बसवले, चहूबाजूंनी येणारी विमानं ऐकून वाट बदलण्यासाठी. म्हणजे ज्यांना नजरेपलीकडे जायचं होतं त्यांनी यंत्राला कान दिले. आपल्या ड्रोनला काय आहे? पुढे बघणारा एक सुंदर कॅमेरा.

नियमात वाटा अजिबात नाहीत असं मात्र नाही, आणि फॉरवर्डवाल्यांनी त्या सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. गॉगल घालून एफपीव्ही, म्हणजे ड्रोनच्या कॅमेऱ्यातून बघत, उडवायचं असेल तर शेजारी एक निरीक्षक उभा करा. त्याने ड्रोन आणि आजूबाजूचं आभाळ बघायचं. अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे हे चालतं. अट एकच: तो तुमच्या शेजारी हवा. दोन किलोमीटरवर फोन कानाला लावून उभा असलेला मित्र चालत नाही. युरोपात 'फॉलो मी' मोडलाही, म्हणजे ड्रोन आपोआप मागे मागे येतो त्यालाही, सूट आहे, पण चालकापासून ५० मीटरपर्यंतच.

राहिलं 'आजवर काय झालंय?' २१ सप्टेंबर २०१७ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये एक हौशी माणूस फँटम ४ उडवत होता. ड्रोन सुमारे अडीच मैल लांब, समुद्रावर, नजर टॅब्लेटवर. त्या भागात तात्पुरती उड्डाणबंदी होती, त्याचा त्याला पत्ता नव्हता. घरी परतायची आज्ञा दिली, ड्रोन वळला आणि सिग्नल गेला. त्याने अर्धा तास वाट बघितली, बिघडून पाण्यात पडला असेल असं धरलं आणि निघून गेला. ड्रोन पडला होता तो लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला धडकून. मुख्य पंख्याच्या एका पात्याला पोचा पडला होता आणि ड्रोनची एक मोटर दांड्याच्या तुकड्यासह हेलिकॉप्टरमध्येच अडकून राहिली होती. त्या मोटरवरच्या क्रमांकावरून तपास अधिकारी त्याच्यापर्यंत पोचले. त्यांचा संपर्क होईपर्यंत धडक झाल्याचं त्याला माहीतच नव्हतं.